रोपं मोजून मोकळं होऊ नका: निसर्गाधारित उपायांचं मूल्यमापन, पायरीपायरीने

खारफुटी लावली, ओढ्याला जुनी वळणं परत दिली, शहरात झाडांच्या रांगा उभ्या केल्या, उतारावरचं गवत राखलं. हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठी अशी कामं, म्हणजेच निसर्गाधारित उपाय, आज जगभर चालू आहेत आणि त्यांचे अहवालही ढिगाने येतात. बहुतेक अहवाल सुरू होतात ते रोपांच्या आकड्याने. इतकी लाख रोपं, इतके हेक्टर. हा आकडा केलेल्या कामाचा झाला. त्या कामामुळे कोणाचा त्रास किती कमी झाला, हे त्यातून कळत नाही, आणि मूल्यमापन करणाऱ्याला तर नेमकं तेच शोधायचं असतं.

हे काम पहिल्यांदाच अंगावर पडलेल्यांसाठी हा लेख आहे. तुम्ही संस्थेत नुकतेच लागला असाल, पालिकेत पर्यावरणाचं टेबल मिळालं असेल किंवा निधी देणाऱ्यांच्या वतीने पाहणीला निघाला असाल. संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. वही, टेप, घड्याळ, पावसाच्या नोंदी आणि अवघड प्रश्न विचारायची तयारी एवढ्यावर बरंच काम होतं.

पायरी १: धोक्याचं नाव लिहा

‘हवामान बदल’ हे धोक्याचं नाव नव्हे. वादळात किनाऱ्यावर चढणारं पाणी, रोजच्या लाटांनी होणारी धूप, पाऊस संपल्यावर लवकर आटणाऱ्या विहिरी, दुपारी भट्टीसारखी तापणारी वस्ती, ही धोक्यांची नावं. नाव मोघम राहिलं की पुढचं सगळं मूल्यमापन मोघम होतं, आणि मोघम मूल्यमापनात प्रत्येक प्रकल्प यशस्वी ठरतो.

खारफुटीचंच उदाहरण घ्या. वाऱ्याने उठलेल्या लाटा खारफुटीच्या १०० मीटर रुंद पट्ट्यातून गेल्या की त्यांची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी होते, असं आजवरच्या मोजमापांवरून दिसतं. चक्रीवादळात मात्र नुसत्या लाटा येत नाहीत, समुद्राची पातळीच वर चढते. हे चढलेलं पाणी खारफुटीतून आत येताना दर किलोमीटरला साधारण ५ ते ५० सेंटिमीटर उतरतं. किलोमीटरला, शंभर मीटरला नव्हे! म्हणजे शंभर मीटरचा पट्टा रोजच्या धुपीवर चांगला उपाय ठरेल आणि वादळी उधाणापुढे जवळजवळ नावालाच उरेल. झाडं तीच, जागा तीच. धोक्याचं नाव बदललं की निकाल बदलतो. अहवालात ‘किनाऱ्याचं संरक्षण’ एवढंच लिहिलेलं असेल तर पहिला प्रश्न विचारा: कशापासून?

आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाची जोखमीची मांडणी इथे कामाला येते. जोखीम तीन गोष्टींनी बनते: धोका स्वतः, त्याच्या वाटेत कोण आणि काय आहे, आणि वाटेत असलेल्यांची सोसण्याची ताकद किती आहे. निसर्गाधारित उपाय यांपैकी कुठे हात घालतो ते ओळखा. खारफुटी लाट मोडते, म्हणजे धोका कमी करते. त्याच खारफुटीत मासे आणि खेकडे वाढले आणि लोकांच्या हाती चार पैसे आले, तर सोसण्याची ताकद वाढते. दोन्ही चांगलंच, पण मोजायच्या पद्धती वेगळ्या.

आता एकच वाक्य लिहा: ‘अमुक धोक्यामुळे तमुक लोकांचं जे नुकसान होतं, ते या उपायाने इतक्या काळात कमी व्हावं.’ या वाक्यातली एखादी जागा भरता आली नाही तर प्रकल्प चालवणाऱ्यांकडे जा आणि ती भरून घ्या. माझा अनुभव असा, की ‘तमुक लोकांचं’ इथे सगळे अडतात.

आणखी एक घोळ इथेच मिटवा. झाडांनी किती कार्बन शोषला हा हवामान बदल रोखण्याचा हिशेब, म्हणजे शमनाचा. तुम्ही अनुकूलन तपासताय, म्हणजे बदलत्या हवामानाशी लोकांना किती जुळवून घेता आलं ते. कार्बनचा आकडा दिला तर नोंदवून घ्या, पण त्याने अनुकूलनाची रिकामी जागा भरू देऊ नका.

पायरी २: उपाय खरोखर निसर्गाधारित आहे का?

मार्च २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने निसर्गाधारित उपायांची व्याख्या मान्य केली. तिचा गाभा असा: परिसंस्था राखणं, सावरणं किंवा शहाणपणाने वापरणं, त्यातून माणसांची एखादी ठोस अडचण सुटणं आणि त्याच वेळी जैवविविधतेचाही फायदा होणं. माणसं आणि जैवविविधता, या दोन पायांपैकी एक जरी लंगडा असेल तरी व्याख्येत बसत नाही. एकाच जातीच्या परदेशी झाडांची लागवड हिरवी दिसते, पण तिथे दुसरा पाय नाही.

दक्षिण कोरियातल्या सोल शहरातला चंग्येचन ओढा हे विचार करायला लावणारं उदाहरण. त्याच्यावरचा उड्डाणरस्ता पाडून २००५ मध्ये सुमारे ५.८ किलोमीटर प्रवाह पुन्हा उघडा केला. शेजारच्या समांतर रस्त्यापेक्षा ओढ्याकाठचं तापमान ३.३ ते ५.९ अंशांनी कमी नोंदवलं गेलं. थंडावा खरा आहे. पण ओढ्यात वाहणारं पाणी बहुतांशी हान नदीतून पंपाने उचलून आणलेलं, दिवसाला सुमारे १ लाख २० हजार घनमीटर. पंप थांबले की ओढा सुकणार. याला निसर्गाधारित म्हणायचं का? मी अहवालात ‘संमिश्र’ असं लिहीन आणि विजेचा खर्च वेगळा दाखवीन. वाद घालत बसण्यापेक्षा हे बरं.

उलटा प्रकारही असतो: झाडं तोडणं हाच निसर्गाधारित उपाय. दक्षिण आफ्रिकेत १९९५ पासून सरकारी कार्यक्रमातून पाणलोटातली परदेशी, झपाट्याने पसरणारी झाडं काढली जातात, कारण ती तिथल्या मूळच्या झुडपांपेक्षा कितीतरी जास्त पाणी पितात. २०१८ मध्ये केप टाउनचे नळ कोरडे पडायची वेळ आली, त्या सुमारास झालेल्या एका अभ्यासाने सांगितलं की ही झाडं शहराच्या पाणलोटातून वर्षाला सुमारे ५,५०० कोटी लिटर पाणी खातात. रोपं मोजणाऱ्याने इथे काय मोजलं असतं?

पायरी ३: साखळी काढा आणि कच्ची कडी शोधा

कागद आडवा धरा. डावीकडे काम लिहा, उजवीकडे पायरी १ मधलं वाक्य, आणि मधल्या सगळ्या कड्या भरा. ‘झाड लावलं → पूर कमी झाला’ असं चालत नाही. ‘उतारावर गवत आणि झुडपं वाढली → माती भुसभुशीत झाली → पाऊस जास्त मुरला → ओढ्याला पाणी सावकाश आलं → पुलाखालची पातळी तेवढी चढली नाही → पुलाजवळच्या घरांत पाणी शिरलं नाही’ असं हवं. मग प्रत्येक बाणाखाली लिहा: हे कशामुळे फसेल? वरच्या साखळीत तिसरी कडी बघा. साध्या पावसात माती पाणी मुरवते, पण आठवडाभराच्या मुसळधारेत ती आधीच भिजून तुडुंब झालेली असते. म्हणूनच लहान पुरांवर असे उपाय चांगले चालतात आणि सर्वांत मोठ्या पुरांवर कमी. हे अहवालात लिहायला कोणी लाजू नये.

कच्ची कडी बऱ्याचदा प्रकल्पाच्या हद्दीबाहेर असते. इंडोनेशियात जावाच्या उत्तर किनाऱ्यावर, डेमाक भागात, समुद्राने गिळलेला किनारा परत मिळवण्यासाठी काटक्या-फांद्यांचे झिरपते बांध घातले गेले. कल्पना सुरेख होती: बांधामागे पाणी शांत होतं, गाळ बसतो, चिखलाची उंची वाढते आणि खारफुटी न लावताच उगवते. काही ठिकाणी गाळ बसलाही. पण त्याच पट्ट्यात भूजलाच्या उपशामुळे जमीनच खचते आहे, काही भागांत वर्षाला कित्येक सेंटिमीटर. वरून गाळ बसतोय आणि खालून जमीन जातेय. बांधांचं मूल्यमापन नुसत्या बांधांवर केलं तर हे दिसणारच नाही.

फिलिपिन्समधली गोष्ट तर मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगतो. तिथे अनेक वर्षं खारफुटी लावली गेली, पण जगण्याचं प्रमाण बऱ्याच ठिकाणी १० ते २० टक्क्यांच्या आसपास राहिलं. कारण असं निघालं की लावायला सोपी, लांब शेंगांची जात निवडली आणि ती ओहोटीच्या रेषेजवळच्या वाळूत, चिखलपाटांवर, समुद्री गवतात खोचली. ती जात तिथे निसर्गतः उगवतच नाही. योग्य जागा होत्या त्या वरच्या बाजूला, पूर्वीची खारफुटी तोडून केलेल्या आणि पुढे ओस पडलेल्या मत्स्यतळ्यांच्या. पण तळ्यांवर कोणाचा ना कोणाचा हक्क होता, चिखलपाटांवर नव्हता. रोपं कुठे लावायची हे झाडाच्या गरजेने ठरलं नाही, जमिनीच्या भानगडीने ठरलं. म्हणून साखळीत एक कडी हमखास घाला: ही जागा कोणाची, आणि ती दहा वर्षांनी कोणाच्या ताब्यात असेल?

पायरी ४: तुलना कशाशी?

नवख्यांचं गाडं सगळ्यांत जास्त इथेच अडतं, म्हणून जरा थांबून बघू.

समजा, एका गावात उतारावर चर खणले, गवत राखलं, ओढ्यावर छोटे बांध घातले. कामाआधी पाऊस संपल्यावर सहा महिन्यांनी विहिरींत सरासरी ३ मीटर पाणी असायचं. तीन वर्षांनी त्याच महिन्यात ५ मीटर भरलं. दोन मीटरची वाढ! अहवालात हाच आकडा ठळक अक्षरांत येणार.

आता शेजारच्या गावात जा. खडक तसाच, उतार तसाच, पिकं तशीच, फक्त प्रकल्प नाही. तिथे आधी ३.२ मीटर होतं, आता ४.७ आहे. म्हणजे काहीही न करता दीड मीटर वाढ. कारण साधं: या तीन वर्षांत पाऊस चांगला झाला. प्रकल्पाच्या खात्यावर जमा होते ती फक्त उरलेली अर्धा मीटर. अर्धा मीटरही कमी नाही, विहीर महिनाभर जास्त टिकवू शकते. पण दोन मीटर आणि अर्धा मीटर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक तुम्ही शेजारच्या गावात गेलात म्हणून सापडला.

या पद्धतीचं सूत्र चार शब्दांत मावतं: आधी-नंतर, इथे-तिथे. चारही मोजमापं हवीत. फक्त आधी-नंतर पाहिलं तर पावसाचं श्रेय प्रकल्पाला जातं. फक्त इथे-तिथे पाहिलं तर मुळातच चांगल्या असलेल्या जागेचं श्रेय प्रकल्पाला जातं, आणि प्रकल्प बहुधा चांगल्या जागीच घेतले जातात.

तुलनेची जागा निवडताना दोन खोडी लक्षात ठेवा. एक, ती प्रकल्पाच्या खालच्या अंगाला, त्याच ओढ्यावर नको, कारण वर अडवलेलं पाणी खाली कमी येतं आणि प्रकल्प आहे त्याहून चांगला दिसतो. दोन, प्रकल्पामुळे हललेला त्रास तिथे जाऊन बसलेला नको. चराई बंद केलेल्या उतारावरची गुरं शेजारच्या उतारावर गेली असतील, तर शेजारचा उतार तुमच्या प्रकल्पामुळेच बोडका झाला आहे. त्याच्याशी तुलना करून हिरवेपणाची शेखी मिरवणं म्हणजे आपलाच हात आपल्या पाठीवर.

आधीच्या नोंदीच नसतील तर? बहुतेक वेळा नसतात. तरी हात टेकू नका. लँडसॅट उपग्रहांची छायाचित्रं १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून ती फुकट मिळतात. सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटर बारकाव्याची चित्रं २०१५ पासून आहेत. झाडोरा, पाण्याचा पसरलेला भाग, किनाऱ्याची रेषा हे त्यांतून मागे जाऊन पाहता येतं. पावसाच्या सरकारी नोंदी मिळवा. आणि लोकांना विचारा, पण ‘पूर्वी पाणी कसं होतं?’ असं नको, त्याला सगळीकडे ‘भरपूर’ हेच उत्तर येतं. एखादा पक्का प्रसंग धरा: ‘धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी ही विहीर कुठल्या महिन्यात आटली?’ प्रसंगाला बांधलेली आठवण बरीच भरवशाची असते. तरीही ती आठवण आहे, मोजमाप नाही, असं अहवालात स्पष्ट लिहा.

पायरी ५: थोडंच मोजा, पण नीट मोजा

निर्देशकांच्या, म्हणजे बदल दाखवणाऱ्या मोजण्याजोग्या गोष्टींच्या, लांबच लांब याद्या मिळतात. चाळीस निर्देशक घेणारा प्रकल्प दुसऱ्या वर्षी एकही नीट मोजत नाही. साखळीतल्या दोन-तीन कच्च्या कड्या आणि शेवटची कडी, एवढ्यांवर एकेक निर्देशक पुरे. शेवटची कडी नेहमी माणसांची: किती घरांत पाणी शिरलं, किती दिवस पाणी विकत घ्यावं लागलं, उष्णतेच्या दिवसांत किती तास काम बंद ठेवावं लागलं.

माती किती पाणी मुरवते, हे घरगुती साधनांनी मोजता येतं. दोन्ही बाजूंनी उघडा, साधारण वीतभर रुंदीचा पत्र्याचा डबा घ्या. गवत कापा, उपटू नका, उपटलं की मातीला भोकं पडतात. डब्यावर फळी ठेवून हलक्या हाताने ठोकत तो चार-पाच बोटं मातीत बसवा. आत पट्टी उभी करा, पाणी ओता आणि दर पाच मिनिटांनी पातळी लिहा. पहिल्या दहा मिनिटांचे आकडे बघून हुरळून जाऊ नका. कोरडी माती आधी घटाघटा पिते. वेग स्थिर होईपर्यंत पाणी घालत राहा. तो स्थिर वेग हा तुमचा आकडा, आणि तो एका जागेचा. दोन पावलांवर मुंगळ्यांचं बीळ असेल तर तिथे दुप्पटही येईल, म्हणून प्रकल्पाच्या जागी निदान दहा आणि तुलनेच्या जागी दहा ठिकाणी मोजा. जागा आपण बोटाने दाखवायच्या नाहीत. आधीच नकाशावर ठिपके टाका आणि ठिपका दगडावर पडला तरच हातभर सरका. कंटाळवाणं काम आहे, अर्धा दिवस जातो. पण अख्ख्या अहवालात कोणी खोडून काढू शकणार नाही असं पान हेच असतं.

उष्णतेच्या बाबतीत एकच प्रश्न पाठ करून ठेवा: कुठलं तापमान? कोलंबियातल्या मेदेयीन शहराने २०१६ पासून तीसेक हरित मार्ग तयार केले आणि तिथे तापमान सुमारे दोन अंशांनी उतरल्याचं शहर सांगतं. असा आकडा समोर आला की विचारा: हवेचं की पृष्ठभागाचं? दिवसाचं की रात्रीचं? झाडाखालचं डांबर उन्हातल्या डांबरापेक्षा दहा-वीस अंशांनी थंड असू शकतं, हवेतला फरक मात्र एक-दोन अंशांचा असतो. उपग्रह पृष्ठभाग पाहतो, माणूस हवेत आणि उन्हात उभा असतो. तापमापक वापरणार असाल तर तो सावलीच्या आच्छादनात, छातीच्या उंचीला लावा. थेट उन्हात ठेवलेला तापमापक स्वतःचंच तापमान सांगतो.

पायरी ६: कधी बघायला जायचं

एका पाहणीत मला जिवंत रोपांची फार चांगली टक्केवारी दाखवली गेली. नोंदवही मागितली तेव्हा कळलं की मोजणी लावणीनंतर सहाव्या आठवड्यात झाली होती. तेव्हा तर काठीसुद्धा हिरवी असते.

श्रीलंकेत २००४ च्या त्सुनामीनंतर खारफुटी लावण्याची लाट आली. पुढे अभ्यासकांनी २३ ठिकाणी जाऊन पाहिलं, तर त्यांतल्या ९ ठिकाणी एकही रोप जिवंत नव्हतं, आणि निम्म्याहून अधिक रोपं जगलेली ठिकाणं फक्त तीन निघाली. लावणीच्या वर्षीचे अहवाल वाचून हे कळलं नसतं. झाडांचे उपाय निदान तीन ते पाच वर्षांनी, आणि परिसंस्थेचं काम सुरू झालं का हे बघायला त्याहून उशिरा पुन्हा पाहावे लागतात. निधी बहुधा तिसऱ्या वर्षी संपतो, त्यामुळे पुढच्या मोजणीचे पैसे आणि माणूस आत्ताच ठरवून घ्या.

भेटीचा काळही निवडून घ्या. पाण्याचा प्रकल्प पाण्याच्या टंचाईत बघा, सावलीचा उपाय भर दुपारी, किनारा मोठ्या भरतीला. पाहुण्यांना बोलावतात तो काळ बहुधा सगळं हिरवंगार असण्याचा असतो.

मधल्या काळात खरं संकट आलंच नाही, तर प्रकल्पाची परीक्षाच झालेली नाही. मग ‘यशस्वी’ न लिहिता ‘अजून कसोटीला लागलेला नाही’ असं लिहा आणि साखळीतल्या मधल्या कड्या काय सांगतात ते द्या.

पायरी ७: फायदा कोणाचा, भार कोणावर?

नेदरलँड्समधल्या नाइमेखन शहराजवळ वाल नदी एका अरुंद वळणावर अडायची. ‘नदीसाठी जागा’ या राष्ट्रीय कार्यक्रमात तिथला बांध सुमारे ३५० मीटर मागे नेला, नदीला बाजूचा नवा प्रवाह खणून दिला आणि पुराची पातळी सुमारे ३५ सेंटिमीटरने खाली येईल अशी सोय केली. तांत्रिक बाजूने नावाजलेलं काम आहे. पण बांध मागे न्यायचा तर मधली पन्नासेक घरं उठवावी लागली. भरपाई मिळाली, चर्चा वर्षानुवर्षं चालली, तरी घर ते घर. मूल्यमापनात ३५ सेंटिमीटर आणि पन्नास घरं एकाच पानावर दिसली पाहिजेत.

गरीब भागांत हा भार इतका उघड दिसत नाही. कुंपण घातलेल्या कुरणावर पूर्वी शेळ्या चरायच्या, राखलेल्या जंगलातून सरपण यायचं, नव्या खारफुटीच्या जागी कोणीतरी शिंपले गोळा करायचं. या लोकांची नावं कुठल्याच जमीन-कागदावर नसतात, म्हणून ती लाभार्थींच्या यादीतही नसतात आणि बाधितांच्या यादीतही. सर्वांसमोरच्या बैठकीत ते बोलत नाहीत. एका गावच्या बैठकीत तासभर कौतुक ऐकल्यावर मी विचारलं, ‘आधी इथे गुरं कोणाची चरायची?’ खोली गप्प झाली. पुढची माहिती मला त्या खोलीबाहेर मिळाली. बायकांशी, गुराख्यांशी, भाडेकरूंशी वेगवेगळं बोला, आणि प्रकल्पाचा माणूस सोबत नेऊ नका. तो कितीही भला असला तरी.

शहरात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने येतो: तळं सुधारलं, भाडी वाढली आणि ज्यांच्या घरात पाणी शिरायचं तेच लोक तिथून उठून आणखी सखल भागात गेले. पूर कमी झाला, पूरग्रस्त तेवढेच राहिले.

पायरी ८: पैशांचा हिशेब

निसर्गाधारित उपाय काँक्रीटपेक्षा स्वस्तच असतो, हे गृहीत धरू नका. कधी असतो, कधी नसतो. तुलना चौघांत करा: काहीच न करणं, फक्त निसर्ग, फक्त बांधकाम, आणि दोन्ही मिळून. किनाऱ्यावर बहुधा चौथा पर्याय पुढे निघतो, कारण समोर खारफुटी असली की मागचा बांध कमी उंचीचा चालतो.

देखभाल धरा. जागेची किंमत धरा, कारण निसर्गाला जागा जास्त लागते. आणि वटावाचा दर तपासा, म्हणजे भविष्यातल्या फायद्याची आजची किंमत काढताना वापरलेला दर. तीस वर्षांनी मिळणारे १०० रुपये ३ टक्के दराने आज ४१ रुपयांचे होतात आणि ८ टक्के दराने जेमतेम १० रुपयांचे. भिंत पहिल्या दिवसापासून काम करते, जंगल पंधरा वर्षांनी. दर चढा धरला की जंगल आपोआप हरतं. म्हणून निदान दोन दरांनी हिशेब करा आणि दोन्ही दाखवा.

पायरी ९: उपाय स्वतः तग धरेल का?

ही पायरी सर्रास गाळली जाते. ज्या हवामानासाठी आपण परिसंस्थेला ढाल करतोय, ते हवामान त्या परिसंस्थेलाही लागू आहे. समुद्राची पातळी वर्षाला ६ ते ७ मिलिमीटरहून जास्त वेगाने चढू लागली तर खारफुटीला गाळ साचवत वर सरकणं बहुधा जमणार नाही, असं भूतकाळातल्या थरांच्या अभ्यासातून दिसतं. मागे सरकायला जागा असेल तर ती वाचते, मागे रस्ता किंवा भिंत असेल तर दोन्हींमध्ये चिरडते. प्रवाळांची अवस्था आणखी वाईट: तापमानवाढ १.५ अंशांवर रोखली तरी ७० ते ९० टक्के प्रवाळ जातील आणि २ अंशांना ९९ टक्क्यांहून अधिक, असा आयपीसीसीचा अंदाज आहे. प्रवाळांच्या भरवशावर पन्नास वर्षांचं किनारासंरक्षण मांडणाऱ्या प्रकल्पाला हा आकडा दाखवा.

जमिनीवर मर्यादा पाण्याची. चीनच्या लोएस पठारावर १९९९ पासून उताराची शेती सोडून झाडं-गवत आणलं गेलं. झाडोऱ्याखालचं क्षेत्र १९९९ मधल्या ३१.६ टक्क्यांवरून २०१३ पर्यंत ५९.६ टक्क्यांवर गेलं आणि पीत नदीत येणारा गाळ खूप घटला. पण झाडं पाणी पितात, नदीचा प्रवाहही रोडावला, आणि आणखी झाडं लावली तर माणसांच्या पाण्यावर गदा येईल असा इशारा अभ्यासकांनी दिला आहे. म्हणून ‘आणखी किती?’ हा प्रश्न यशस्वी प्रकल्पालाही विचारायचा.

पायरी १०: निकाल लिहिणं

चौकट हवी असेल तर आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने २०२० मध्ये काढलेलं जागतिक मानक वापरा. त्यात ८ निकष आणि २८ निर्देशक आहेत आणि गुणांवरून प्रत्येक निकषाला चारपैकी एक श्रेणी मिळते. मला त्यातला एक नियम फार आवडतो: एका जरी निकषाला सर्वांत खालची श्रेणी मिळाली तर एकूण गुण कितीही असोत, उपाय मानकात बसत नाही. लोकांचे हक्क तुडवून जैवविविधतेत मिळवलेले गुण सरासरीत दडवता येत नाहीत. हे मानक अनुकूलनाचा परिणाम मोजून देत नाही, ते वरच्या पायऱ्यांचंच काम. पण काय विसरलं ते दाखवायला उत्तम.

अहवालाच्या पहिल्या पानावर पायरी १ चं वाक्य द्या, त्याखाली तुलनेनंतर उरलेला आकडा त्याच्या वर-खाली होण्याच्या शक्यतेसह, त्याखाली कोणाचं नुकसान झालं ते. रोपांची संख्या परिशिष्टात. मोजणीच्या जागांचे अक्षांश-रेखांश, वापरलेली साधनं आणि कच्च्या नोंदी जोडा, म्हणजे पाच वर्षांनी येणाऱ्याला त्याच ठिपक्यावर डबा ठोकता येईल. मसुदा आधी त्या भागातल्या लोकांना वाचून दाखवा, मग निधी देणाऱ्यांकडे पाठवा. आणि पुढच्या पाहणीचा महिना, जबाबदार माणसाचं पद आणि त्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम शेवटच्या पानावर लिहून सही घ्या.